लाल अक्षरं येतील

नऱ्ह्याच्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला
की त्याला लॅपटॉप मिळतो, खुर्ची मिळते
आणि तांबोळींची फाइल.
खुर्ची डावीकडे कलते.
फाइल आजवर कलली नाही.

तांबोळी भोसरीला गेले त्याला सहा वर्षं झाली.
फाइलमध्ये ते अजून बसलेत बाह्या दुमडून,
त्याच तुटक आवाजात:
पायरी एक. आधी सगळं वाचावं, मग हात लावावा.
पायरी चार. जुनी आवृत्ती काढा. दया दाखवू नका.
पायरी सात. याला वीस मिनिटं लागतात.
खाली अमृततुल्यात जाऊन या,
स्क्रीनकडे बघून वेग वाढत नाही.
पायरी नऊ. इथे लाल अक्षरं येतील. घाबरू नये.

मी घाबरले होते.
अर्धा चहा टाकून जिना चढले,
तर अक्षरं होती तिथेच, लालभडक,
आणि फाइलमध्ये पायरी नऊच्या खाली
कुणीतरी, बहुधा शलाकानं, लिहिलेलं:
मलाही आली. पुढे जा.

त्या दोन शब्दांवर
मी इथे अकरा वर्षं काढली.

जो तो आपलं अडलेलं त्यात टाकत गेला.
पायरी सहाची आता सहा अ, सहा आ,
सहा आ मधला अपवाद,
आणि "विंडोज असेल तर देव बघेल"
ही रियाझची ओळ,
जी आजतागायत कुणी पुसली नाही.

सोमवारी हेरंब आला, बार्शीचा.
नऊ पायऱ्या दुपारपर्यंत ओलांडल्या
आणि तारखांपाशी अडला.
संध्याकाळी, नवले पुलाच्या उतारावर दिवे तुंबलेले असताना
मोबाइल पुढे करून म्हणाला,
ताई, हे बघा, मित्रानं पाठवलंय,
त्याला बाणेरच्या कुणी दिलं, त्याला आणखी कुणी.

सोळा ओळी. वेड्यावाकड्या तारखा सरळ करणाऱ्या.
तिसऱ्या ओळीत माझी चूक मला भेटली:
तारीख हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना
रात्री अडीचला झालेली
आय आणि के यांची अदलाबदल,
शेवटच्या ओळीपर्यंत
परक्या माणसांनी इमानानं सांभाळलेली.
माझं नाव वाटेत कुठे गळलं कोण जाणे.
चूक तेवढी शाबूत पोचली.

अकराव्या ओळीच्या डोक्यावर एक टीप:
ही ओळ काढू नका. का ते माहीत नाही.
तिच्याखाली दुसऱ्या कुणाची:
मीही नाही काढली.

का ते मला माहीत आहे.
चाकणला एका वजनकाट्यावर एक कॉम्प्युटर होता,
पोटातला सेल संपलेला.
रोज सकाळी तो जागा व्हायचा
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला.
कांद्याचे ट्रक, सळयांचे ट्रक,
सगळे माझ्या जन्माआधीच तोलले जायचे.
काट्यावरचे सोपानराव कड फोन करायचे:
म्याडम, आजपण आम्ही मागंच ऱ्हायलो.

मालक सेल आणीना. मी ओळ लिहिली:
ऐंशी साल दिसलं तर थांब,
समोरच्या माणसाला विचार, आज कोणती तारीख.

काटा कधीच बंद झाला.
तिथे आता टायरचं गोडाऊन आहे.
आणि कुठल्या कुठल्या गारेगार ऑफिसांत
ती ओळ अजून रोज सकाळी बघतेय,
ऐंशी साल आलं का.

काढू का ताई ही? हेरंब म्हणाला,
कामाची दिसत नाही.

थांब म्हटलं.
त्याच्या खुर्चीत बसले, डावीकडे कलले,
आणि दोन टीपांच्या खाली लिहायला घेतलं:
चाकणला एक काटा होता.

तो मागे उभा राहून वाचत होता.
ताई, कमेंट कोडपेक्षा मोठी होतेय.

होऊ दे, म्हटलं.
अजून सेलची किंमत यायची आहे.
पस्तीस रुपये.